सव्वादोनची बांगडी

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि परवा रिसोडला एका म्हातारीनं मला तुझ्यावरून ओळखलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं आहे. मोठ्यानं बोलले तर शेजारी हसतील, म्हणून लिहिते आहे.

मेडशीचं आपलं स्वयंपाकघर म्हणजे अर्धं दुकान. एका बाजूला पिठाचा डबा, दुसऱ्या बाजूला बांगड्यांची पेटी, आणि चुलीजवळ हात पुढे करून बसलेली गावातली एखादी बाई. तू तिचा अंगठा तळव्यात दुमडतेस, बोटांच्या मुळांना दोन्हीकडून हलकेच दाबतेस, तिला तिच्या सुनेच्या गोष्टीत गुंतवतेस, आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर गेलेली असते. शेवटची बांगडी तू नेहमी फुकट भरायचीस. मी एकदा ओरडले, "माय, बांगडी फुटली!" तर पाठीत धपाटा. "फुटली म्हनू नाई पोरी, वाढली म्हन." अजूनही प्रयोगशाळेत काचेची नळी हातून पडली की मी "वाढली" म्हणते. माझ्या हाताखालच्या मुलांना तो शास्त्रातलाच शब्द वाटतो.

तुला मापावरून माणूस कळायचं. "गेल्या साली सव्वादोनची गेली, औंदा अडीचची काहून लागून राह्यली? मनगट तं तेवढंच हाय, बोटाचे मुळं सुजले. दाबलं तं दुखते काय वं?" बाई म्हणायची, वात आहे, जाईल आपोआप. तू ऐकायची नाहीस. तिच्या नवऱ्याला बोलावून, चार शब्द सुनावून तिला वाशिमच्या दवाखान्यात पिटाळायचीस.

डॉक्टरकीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेत माझ्यासमोर अशीच एक बाई बसवली होती. मी तिची बोटं तुझ्यासारखी दाबली. कडक म्हणून नावाजलेले परीक्षक माझ्या हाताकडे बघत राहिले. "इतका हलका हात! कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "पुस्तकातून, सर." खोटं बोलले, माय. तिथे सगळ्यांचे आईवडील डॉक्टर नाहीतर प्राध्यापक, आणि मला बांगडीवालीची लेक म्हणवून घ्यायची लाज वाटली. पास झाले, पेढे घेऊन घरी आले, तुला हे सोडून सगळं सांगितलं.

पुढे मी संशोधनात गेले. आपलंच रक्त आपल्या सांध्यांवर का उठतं, हे शोधायचं. कुंपणच शेत खातं, असं तुला समजावलं तेव्हा तू लगेच मान डोलावलीस. पण प्रयोगशाळा बघायला आलीस आणि पिंजरे बघून कपाळावर हात मारलास. "एवढी शिकली अन् उंदरं पाळून राह्यली?" मी हसले. मग तू जे विचारलंस त्यावर हसता आलं नाही. "डाक्टर हायेस न, मंग कोनाचा हात काहून नाही धरत?"

उत्तर सापडायला वेळ लागला. आमच्याकडे औषधं चांगली आली, पण बाया यायच्या त्या बोटं वाकडी झाल्यावर. वाकडं झालेलं बोट औषधानं सरळ होत नाही. त्यांना आधीच कोण ओळखणार, यावर मोठ्या मोठ्या बैठका झाल्या, आणि एका बैठकीत चहा पिताना मला तुझी सव्वादोनची बांगडी आठवली. मी म्हटलं, बांगडीवाल्यांना विचारू या. काही जण हसले. हसू दिलं.

म्हणून परवा रिसोडला, आठवडी बाजारामागच्या एका खोलीत, मेडशी, किन्हीराजा आणि आजूबाजूच्या बांगडीवाल्या गोळा झाल्या होत्या. माप वाढलं, दाबल्यावर दुखलं, की बाईला आमच्याकडे पाठवायचं, एवढंच शिकवायचं होतं. मी एकीचा हात धरून दाखवत होते. कोपऱ्यातली सगळ्यांत म्हातारी उठून जवळ आली. "हे धरनं पुस्तकातलं नाई, कासाराचं हाय. कोनाची वं तू?"

माझे साहेब शेजारीच उभे होते. तोच प्रश्न, माय, आणि या वेळी मी बरोबर उत्तर दिलं. मेडशीच्या बांगडीवालीची, म्हटलं. खूप हलकं वाटलं.

"शेवटची बांगडी फुकट भरे, थ्या बाईची? मंग हात काहून भुंडे?"

मी नेहमीचं सांगितलं, कामात हातमोजे घालावे लागतात, बांगड्यांनी फाटतात. तिनं ऐकून घेतलं आणि माझा अंगठा तळव्यात दुमडला. दोन्ही हात भरले. हिरव्या, सव्वादोनच्या. शेवटचीचे पैसे घेतले नाहीत. मी सगळ्यांसमोर रडले आणि साहेबांनी मला पाणी दिलं.

हे पत्र टाकायचं कुठे? तुझ्या पेटीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून मी कोणालाच माझा हात भरू दिला नव्हता. आज सकाळी त्याच बांगड्यांवर हातमोजे चढवले आणि दिवसभर काम केलं. फाटले नाहीत, माय. ते कधीच फाटत नव्हते.