फळीवर दाबलेला पाय

प्रिय धाकट्या,

चाळिशी ओलांडलीस, तरी डेपोत तू धाकट्याच. बस शिकवताना हे नाव मीच ठेवलं, तेव्हा तक्रार माझ्याकडेच कर.

काल तुझ्याकडे येऊन गेलो. तू झोपला होतास. दारातच वहिनींनी टोला दिला, “दादा, आज भाषण नको हं, नुसता चहा घ्या.” मग सांगू लागल्या, जेवताना तुझा उजवा पाय एकदम फरशीवर दाबला जातो, टेबल हलतं, पाणी सांडतं. पोरगी म्हणते, “बाबांनी ब्रेक मारला!” वहिनींनी हसत सांगितलं आणि मग कितीतरी वेळ कोरडाच ओटा पुसत राहिल्या.

तो सायकलवाला उभ्या ट्रकमागून तुझ्या बससमोर आला आणि जागीच गेला. तुझी चूक नव्हती, हे चौकशीत ठरलं. पण चूक नसलेल्या माणसाच्या कानातही तो आवाज राहतो, हे कुठल्या कागदावर लिहितात? आपल्या डेपोची रीत तर काय, चौकशीतून सुटलेल्या चालकाला दुसऱ्याच सकाळी त्याच मार्गावर धाडायचं, म्हणजे भीती बसत नाही! किल्ली तुझ्या हातात मीच ठेवली. वर सगळ्यांदेखत तुला वाघ म्हणालो. चुकलो.

सहा आठवडे तू चालवलीस. मग त्याच वळणावर भरलेली बस कडेला घेतलीस, हँडब्रेक ओढलास आणि प्रवाशांना म्हणालास, “माझा पाय माझं ऐकत नाही. मागच्या बसनं जा.” एक आजोबा शिव्या देत होते, त्यांनाही हात धरून उतरवलंस. डेपोचे साहेब याला कामचुकारपणा म्हणतात. त्यावरून उद्या तुझी नोकरी राहायची की जायची ते ठरणार. अरे, चाळीस जिवांसाठी स्वतःची अब्रू रस्त्यावर ठेवणारा माणूस कामचुकार? शूरांच्या गोष्टी वाचून मी आयुष्यभर सभा पेटवल्या. प्रत्यक्षात शूर पाहिला तो किल्ली खाली ठेवताना.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी कामगार संघटनेसाठी स्टिअरिंग सोडलं, असं सगळे सांगतात. मीही सांगू दिलं. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या बसपुढे एक बाई आली आणि वाचली नाही. माझीही चूक नव्हती. आठ महिने दातओठ आवळून बस चालवली आणि मग संघटनेच्या ऑफिसातली खुर्ची पकडली. सभेत बोलताना मी व्यासपीठाच्या फळीवर उजवा पाय दाबून उभा राहतो, तुम्ही नक्कल करता ना त्याची? लोकांना तो आवेश वाटतो. तो ब्रेक आहे, धाकट्या. जे तू सहा आठवड्यांत बोललास, ते मला एकवीस वर्षं जमलं नाही. उद्या साहेबांसमोर मी हे सांगणार आहे. चारचौघांत कानावर पडण्याआधी तुला घरी कळावं, म्हणून हे पत्र. उद्या तुझ्याच शेजारी बसेन. टेबलाखाली दोन पाय एकदम दाबले गेले, तर हसू नकोस.

तुझ्याकडून नव्यानं शिकणारा,
तुझाच दादा