बीटाच्या शेतात उतरलेलं विमान

१४ ऑक्टोबर १९४४

आमच्या बीटाच्या शेतात विमान! पोटावर घसरत आलं. आम्ही बायका जिथे होतो तिथेच आडव्या झालो. शेपटीवर जर्मनांचं ते चिन्ह. आत एकटाच माणूस — तिशीचा, टक्कल पडत आलेलं. हात वर करून ओरडतोय, "स्वीडन? हे स्वीडनच ना?" ल्यूबेकला दोन वर्षं घरकाम केलंय, तेवढं जर्मन येतं मला. "हो," म्हटलं. तर मटकन चिखलात बसला आणि रडायलाच लागला!

माझा नवरा आल्गोट म्हणाला, "नांगरट फुकटात झाली. विचार, उरलेलं शेत कधी करतोस?" कोणी हसलं नाही. त्याचाही आवाज फाटलेला होता.

आपल्या सैन्याचे लेफ्टनंट रीबेरी येईस्तोवर त्याला स्वयंपाकघरात बसवलं. नाव डेटलेफ. मी एकटी आहे असं बघून हळूच म्हणाला — "मी वाट चुकलो नाही, बाई. पळून आलोय. बोलू नका कुठे. आई तिकडे जर्मनीत, स्टेटिनला आहे. आमच्या लोकांना कळलं तर तिला उचलतील."

लेफ्टनंटने विचारायला सांगितलं — चुकून की मुद्दाम? डेटलेफ माझ्याकडे बघत म्हणाला, "चुकून." मी तेच सांगितलं. लेफ्टनंट म्हणाले, "मग विमान जप्त, माणूस छावणीत. लढाई संपेपर्यंत." सुटला बिचारा, असं वाटलं.

१५ ऑक्टोबर

सैनिकांनी विमानाच्या बंदुका काढून नेल्या. डेटलेफ पळून आलाय, हे मी आल्गोटलाही बोलले नाही.

९ नोव्हेंबर

लेफ्टनंट वाटेत डोकावले. "तुमचा पाहुणा चालला! जर्मनांनी आपले पकडलेले खलाशी सोडले, आपण त्यांचे वाट चुकलेले वैमानिक परत देतोय. परवा ट्रेलेबॉर्ग बंदरातून बोट."

"आणि पळून आलेले?"

"त्यांना कसं पाठवणार? तिथे गोळीच घालतील."

सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप खाली ठेवला. "बाई, हे तेव्हा का नाही बोललात? आता तुमच्या तोंडचं चालायचं नाही. त्यानेच सांगायला हवं."

आल्गोट तर बघतच राहिला. "मला तरी सांगायचंस गं!"

१० नोव्हेंबर

छावणीत गेले. कुंपणाशी भेटू दिलं. "सांगून टाक रे! परत गेलास तर मरशील!" विनवण्या केल्या. तो नुसता मान हलवत राहिला. "आई," एवढंच.

११ नोव्हेंबर

लेफ्टनंटचा फोन. बोटीच्या शिडीवर अर्ध्यात थांबून डेटलेफ ओरडला — "मी पळून आलोय!" आपल्या लोकांनी लगेच खाली घेतला. वाचला!

पण वर, कठड्याला टेकून, जर्मन अधिकारी उभे होते. त्यांनीही ऐकलं.