जाळीची दोन दारं

सातारा,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
कीर्तीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

जाळीत जन्मलेलं फुलपाखरू बाहेर सोडलं, तर ती दया की चूक? प्राणिशास्त्राची पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही, हे आधीच कबूल करते. पण उत्तर येत नाही म्हणून राग थांबत नाही. कुपवाडच्या प्रेस मशीननं तुमचे कान नेले, फोनवर तुम्हाला काही कळत नाही, म्हणून हा राग कागदावर.

काल तुम्ही सगळे आमचं फुलपाखरू उद्यान बघायला आलात, तेव्हा एस.टी. स्टँडपासूनच मी सांगत होते की बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. आईनं तीनदा मान डोलावली. मग काय झालं? भरतेशदादाच्या टकलावर फुलपाखरू बसलं, प्राचीवहिनी फोटो काढायला धावली, तुम्ही हसत उभे राहिलात. तेवढ्यात आईनं आतल्या दाराला डब्याची पिशवी लावली, बाहेरच्या दारात स्वतःची चप्पल अडकवली आणि पदर हलवून एकेका फुलपाखराला बाहेर घालवलं. वर त्यांना सांगत होती की जावा बायांनो, पर्व संपलं, आता मोकळ्या व्हा.

मला ठाऊक आहे, पर्युषण संपलं की ती बाजारातल्या पिंजऱ्यातल्या मुनिया विकत घेऊन सोडते. पण हा बाजार आहे का, आप्पा? चाळीसवर फुलपाखरं गेली. त्यांना मी स्वतः पानं घालून वाढवलं होतं. आमचे मालक वीरधवलसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले की असल्या अडाणी माणसांना आत सोडूच नये. आई एका पायात चप्पल नसताना उभी होती. मी फाटकाशी तिला म्हणाले की ही बाहेर दिवसभरही जगत नाहीत, तू चाळीस जीव मारलेस. जड बोलले. आज क्षमावाणी, सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस, तरी ते शब्द मागे घ्यावेसे वाटत नाहीत.

साहेबांना आईचा लेखी माफीनामा हवा आहे. फ्रेम करून दाराशी लावणार, म्हणजे येणाऱ्यांना धडा. मजकूर सोबत जोडला आहे. माझे नोकरीचे चाचणीचे सहा महिने याच महिन्यात संपतात. कृपया आईची सही घेऊन पाठवावी.

दादा-वहिनीस नमस्कार. माझ्या रागासकट माझ्यावर लोभ असू द्यावा.

आपली,
कीर्ती


कुपवाड,
१४ सप्टेंबर

चि. कीर्तीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुजं पत्र पोचलं. तुज्या आईनं सही केलीय, कागद सोबत हाय. दोन दिस पाटीवर सराव केला, मग केली. म्हणाली, पोरीनंच सही शिकवली, पोरीसाठीच करती. मी म्हटलं आगं त्यात काय लिवलंय ते तर ऐक. तर म्हणाली नको.

मला एक विचारायचंय. मी सातवी शिकल्याला माणूस, मला फुलपाखरातलं काय कळत न्हाई. पर तू जे फाटकापाशी बोललीस ते खरं हाय का? ती सगळी त्याच दिवशी मेली का? कारण आल्यापास्नं तुज्या आईनं, आमच्या चंपाबाईनं, एकासन धरलंय. दिवसातनं एकदाच जेवती. म्हणती माज्या हातनं चाळीस जीव गेलं, तर चाळीस दिस एकदाच. मी आवाज चढवला तर म्हणाली, आवं, वरडून पाप कमी हुतंय व्हय?

तिला साखरंचा आजार हाय, गोळी दोन वेळची हाय. हे तुला सांगाय नको.

त्या साहेबानं अडाणी म्हटलं त्याचं मला काय न्हाई. तुजी आई अडाणीच हाय, मी बी हाय. अठ्ठावीस वर्सं मशीन माज्या कानात वरडलं, त्या साहेबाचं काय ऐकू बी आलं न्हाई. पर तू खाली मान घातलीस ती मला दिसली. कान गेल्यात, डोळं हायती. सगळी फी भरली ती तू मान वर करावी म्हणून.

माफीनामा लावायचा का न्हाई ते तू ठरव. शिकल्याली तू हायस.

माया हायच, ती काय कागदावर मागावी लागत न्हाई.

तुजा,
आप्पा

ता. क. कीर्ती, मी प्राची. आप्पा सांगणार नाहीत म्हणून लिहिते. परवा आईंना देवळाच्या पायरीवर चक्कर आली. डॉक्टर म्हणाले दोन वेळ जेवायलाच हवं. त्या कुणाचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.


सातारा,
२१ सप्टेंबर, रविवार

तीर्थरूप सौ. आईस,
कीर्तीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र आप्पांनी तुला वाचून दाखवायचं आहे. ते मोठ्यानं वाचतील, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल. जाऊ दे.

आई, मी खोटं बोलले. चाळीस जीव मेले नाहीत. आमच्याकडची सगळी फुलपाखरं इथलीच, याच रुईवर आणि लिंबावर वाढणारी. ती बाहेर जगतात, हे मी पुस्तकात शिकले होते. तरी साहेब जे म्हणत आले तेच तुझ्या तोंडावर फेकलं, कारण चार लोकांत मला तुझी लाज वाटली. चिडायला मी शिकले होते, पण कुणावर चिडायचं ते शिकायचं राहिलं होतं.

बुधवारी आप्पांचं पत्र मिळालं आणि मी शोधायला निघाले. कंपाउंडबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या धोंडुबाई आठवडाभर ओरडत होत्या की कसल्या अळ्या कढीपत्ता खातायत. जाऊन बघितलं तर आपल्याच नाती! मागच्या माळावर रुईच्या झुडपावर एक केशरी फुलपाखरू बसलं होतं, पंख विटलेले, कडा फाटलेल्या. मागच्या पंखावर निळा ठिपका होता. तो माझ्याच पेनचा, आई. किती दिवस जगतात ते कळावं म्हणून आम्ही ठिपके देतो. दहा दिवस झाले होते आणि ते पानाखाली अंडी घालत होतं.

हे सांगायला धावत साहेबांकडे गेले, तर ते फोनवर होते. कराडच्या कुणा बिल्डरची साठी होती आणि साठ फुलपाखरं हवी होती. तू सोडलीस तीही त्यातच जाणार होती, म्हणून एवढा संताप! उरलेली पंख मिटवून कागदाच्या पाकिटात घालायची, बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठेवायची आणि केक कापताना उघडायची. मला पाकिटं भरायला सांगितलं. मी नाही म्हणाले, तर त्यांनी दुसऱ्यांकडून भरून घेतली. काल डबे परत आले. ते धुवायला मात्र माझ्याकडे आले. तळाशी एकवीस पडली होती, काही केकच्या क्रीममध्ये चिकटलेली. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की एवढी घट धरलेलीच असते.

ज्या घरात पाणी गाळून पितात, तिथल्या बाईला हा माणूस अडाणी म्हणाला. तिला जीव मारल्याचा माफीनामा लिहायला लावला. आणि तो मजकूर टाईप केला होता मी.

म्हणून आज सकाळी जे केलं ते सांगते. दाराशी फ्रेम लावून तयार होती, रिकामी. रविवार, दहा वाजता रांग लागते. मी पावणेदहाला त्यात माझ्या हातानं लिहिलेला कागद घातला: या जाळीतली फुलपाखरं बाहेरही जगतात. चंपाबाईंनी सात तारखेला सोडलेलं एक मी सतराला जिवंत पाहिलं आहे. एकोणीस तारखेला वाढदिवसासाठी डब्यात भरलेल्या साठांपैकी एकवीस मेली. खाली माझं नाव, पदवी आणि सही. एक आजोबा तो कागद रांगेतल्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. साहेब येईपर्यंत रांग निम्मी झाली होती. त्यांनी फ्रेम उतरवायला सांगितली. मी म्हणाले की तुम्हीच उतरवा. मग किल्ल्या टेबलावर ठेवून दोन्ही दारं नीट लावून बाहेर पडले. यावेळी मान वर होती, हे आप्पांनी जरा जास्तच मोठ्यानं वाचावं.

तुझ्या सहीचा कागद त्यांना दिलेला नाही. वरचा मजकूर कापून टाकला, सही ठेवली आहे. फार सुंदर आली आहे.

तुझं एकासन आता संपलं. जे पाप झालंच नाही त्याचं प्रायश्चित्त नसतं. फाटकाशी मी बोलले, ते पाप माझं, ते माझ्या नावावर राहू दे. क्षमावाणीला मागायची राहिलेली क्षमा आज मागते. इथली खोली रिकामी करून बुधवारी दिवस मावळायच्या आत पोचते. संध्याकाळचं ताट तुझ्यासमोर मी वाढणार आहे, आणि तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. हट्ट कुणाकडून आलाय ते तुला माहीत आहे.

तोवर तुझी माया तशीच असू दे.

तुझी,
कीर्ती