अकरा महिन्यांची माडी

३ डिसेंबर
वाचनालयात सभा. कॉलेजच्या प्राध्यापक बाईंनी आमच्या गल्लीचा नकाशा भिंतीवर लावला. जिथे नुसती म्हातारी माणसं तिथे लाल टिकली, जिथे कुलूप तिथे काळी. माझ्या घरावर लाल. बायको, सुमन, हे बघायला उरली नाही ते बरंच. गल्लीतली पोरं पुण्याला नाहीतर चिखली रोडच्या प्लॉटवर, आणि खेड्यातून आलेली पोरं इथे एकेका खोलीत तिघं-तिघं. बाई म्हणाल्या, म्हाताऱ्यांनी माड्या उघडा, कमी भाड्यात तरुण ठेवा, ते तुमचा बाजार, दवाखाना बघतील. सगळे माझ्याकडे वळले. बत्तीस वर्षं कोर्टात बेलिफ. लोकांची घरं खाली करून घेण्यात जन्म गेला, तेव्हा सल्ला माझाच. सांगितलं: अकरा महिन्यांचा करार. मग एक दिवस खोली पूर्ण रिकामी, कुलूप. दुसऱ्या दिवशी नवा करार. सलग राहू दिलं की घर गेलं. टाळ्या पडल्या. शेजारचे मुनाफभाई टेलर तेवढे हसले.

९ डिसेंबर
माडीवर जोडपं आलं. गजानन आणि वर्षा, धाडकडच्या खेड्यातले. तो कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात, ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. करार १ डिसेंबरपासूनचा धरला. यंदा बोंडअळीने कापूस संपवला, बापाने उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला. गजानन म्हणाला, "बीटीले अळी लागतच नाही म्हनत होते आबा." आबा म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं.
करार वाचून दाखवला. वर्षा: "एक दिवस खाली काऊन करा लागते?"
पद्धत आहे, म्हणालो.

१७ जानेवारी
प्रशांतचा पुण्याहून फोन. एका बिल्डरला आमच्या घरांची अख्खी ओळ हवी आहे. "बाबा, एकटे काय करता तिथे?" एकटा नाही, माडीवर माणसं आहेत. "भाडेकरू म्हणजे माणसं नाहीत, हे तुम्हीच सांगायचात." खरं आहे. सांगायचो.

२२ मार्च
मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस. चिरंजीवांचा मार्चएंड, येणं जमलं नाही. वर्षा दिवसातून चारदा औषध टाकते. मोबाइलवर गजर लावलाय. कॉलेजला जाताना एकदा, मधल्या सुट्टीत धावत येऊन एकदा. आज मी डोळा मिटला तर रागावली, "लहान लेकरू हाय का तुम्ही?" मला कोणी रागावून किती वर्षं झाली. चीड यायला हवी होती. आली नाही. बरं वाटलं.

११ जून
गजाननच्या बापाने पुन्हा कापूसच लावला. पुन्हा बीटी. गजानन दोन दिवस घरी फोन करत नाही. मी म्हणालो, दुसरं काय लावतील? तो भडकला, "तुमीबी तेच बोलता." नंतर स्वतःच खाली येऊन नळाचा वॉशर बदलून दिला. वर्षाने वांग्याचं भरीत पाठवलं. तिखट जाळ. खाल्लं सगळं.

१९ ऑक्टोबर
अकरा महिने भरत आले. मुनाफभाईंकडेही गेल्या डिसेंबरपासून दोन कॉलेजची पोरं आहेत. त्यांना आठवण केली, तारीख जवळ आली, खोली खाली करून घ्या. म्हणाले, "बेलिफसाब, पोट्टे हायेत ते, वारंट नाही. आपुन नाही करत."
न करायला काय जातंय. मी बघितलंय. एका घरमालकाची केस एकोणीस वर्षं चालली. मी ताबा द्यायला गेलो तेव्हा त्याच्या फोटोला हार होता. ताबा मुलाने घेतला. त्या भाडेकरूलाही मालक आधी घरातलाच म्हणायचा.

१ नोव्हेंबर
माडी खाली झाली. मालाचा ऑटो आणला होता. वर्षाने जाताना फडताळसुद्धा पुसलं. एका दिवसासाठी सामान कुठे नेता, विचारलं. "गावी. रस्त्यावर ठेवाव काय?"
माझ्या ओसरीवर ठेवा म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण ओसरी घरातच धरतात.
कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. ताबा मिळाला, असं मनात म्हणूनही गेलो. मेली सवय.

२ नोव्हेंबर
नवा करार टाइप करून तयार. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग गजाननचा फोन, "आबा, कापूस फुटला. वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. दिवाळी करूनच येतो."

१६ नोव्हेंबर
दिवाळी होऊन आठवडा झाला. आज कोर्टासमोरून गेलो. गजानन दुकानात होता. म्हणजे रोज गावाहून बसने ये-जा करतो. मला बघून मशीनचं झाकण उघडून आत बघत बसला. कापसाचा विषय नव्हता तर.
समोरच्या कुसुमताईंनी गाठलं. माझं ऐकून त्यांनीही माडीवरच्या भाडेकरू पोरींना एक दिवस बाहेर काढलं. पोरींना दुसरीकडे खोली मिळाली, परत आल्याच नाहीत. "तुमच्या सल्ल्याने पुन्हा कुलूप आलं," म्हणाल्या. मुनाफभाईंच्या माडीवर शर्ट वाळत होते. बघवेना, दार लावून घेतलं.

२२ नोव्हेंबर
प्रशांत रविवारी बिल्डरला घेऊन येतोय. सहीपुरतं, म्हणाला. माडी रिकामी झाली हे त्याला फार आवडलं. मला पुण्यात वेगळी खोली देणार आहेत. खिडकी आहे म्हणे.
नाही जायचं मला. लिहून ठेवतो, कारण तोंडाने बोलणं होणार नाही. मला इथेच राहायचंय आणि माडीवर ती दोघं हवीत.

२३ नोव्हेंबर
त्यांच्या गावी जाऊन आलो. फाट्यावर उतरून चालत शेतात. वर्षा कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. सासू तिकडच्या ओळीत. मला बघून वर्षा हसली नाही, पण पाणी दिलं.
"राग नाही आबा. भांडेकुंडे घेऊन उतरलो तं सारं गाव विचारे, मालकानं हाकललं काय. सासूले काय सांगू मी?"
परत चला म्हणालो. तीनदा म्हणालो. आयुष्यात कोणाला घरात या म्हणायला इतक्या लांब गेलो नव्हतो, जा म्हणायलाच गेलो.
"येतो ना. मले बी रोजचं येनं-जानं झेपत नाही, परीक्षा हाय. पन एक सांगा. पुढच्या साली पुन्हा खाली करा लागन?"
करार खिशात होता. तिसऱ्या कलमात तेच लिहिलेलं. मीच लिहिलेलं. 'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो एकोणीस वर्षांचा खटला डोळ्यांपुढे आला. ती हातात कापूस धरून थांबली होती.
बसची वेळ झाली, म्हणालो आणि निघालो.
बसला अजून एक तास होता.