झारी छापची गुलाबी चिठ्ठी

१० ऑगस्ट १९७८

शकुच्या वहीची मागची पानं कोरी निघाली, म्हणून हे. नात नागपूरला होस्टेलात, वही इथं जबलपुरात. मी बोलते, सून लता लिहिते. मला अक्षर येत नाही. बहात्तर वर्षांत आलं नाही, आता काय पाहुणं म्हणून येणार! लताला बजावलं आहे, मी बोलले तेच लिही, सुधारू नको. शिव्या मात्र गाळते ती. मला कळतं! मी बोलते खूप अन् पेन चालतं थोडं.

आज सट्टेदार, म्हणजे कंपनीचा बिडी-ठेकेदार, श्यामसुंदर दीक्षितपुऱ्याहून स्वतः आला. एरवी आम्ही बिड्या घेऊन त्याच्या दारात बसतो अन् तो खराब म्हणून छाटून छाटून फेकतो. आज म्हणे, "अम्मा, आपका हाथ बहुत साफ है." गोड बोलला म्हणजे काम आहे! पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. गुलाबी, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठ्या. प्रत्येक कट्ट्यात पंचवीस बिड्यांच्या मधोमध एक ठेवायची अन् मग दोरा बांधायचा. हा माल मराठवाड्यात जाणार. मजुरी वेगळी मिळेल. "और किसी को नहीं दिया, सिर्फ आपको."

लताला म्हटलं, "वाच गं, काय आहे?" तिनं चिठ्ठी धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाली, "बक्षिसाचं आहे, आत्याबाई. गिऱ्हाइकासाठी."

अच्छा! ओढणाऱ्याला बक्षीस, वळणारीला पाठदुखी.

शकुच्या होस्टेलचं कालचं पत्र अजून खिडकीत आहे. या महिन्यात पैसे भरा नाही तर खोली सोडा. चिठ्ठ्या बऱ्या आल्या.

१२ ऑगस्ट

दिवसभर चिठ्ठ्या. बोटं गुलाबी झाली. नव्या नवरीसारखी!

१३ ऑगस्ट, रविवार

विहारात वर्षावासाचं वाचन होतं, पण वाचन झालंच नाही. डोमाजी पेपर घेऊन उभा राहिला. डोमाजी म्हणजे आमच्या विहाराचा कारभारी, तोफगाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेला. पेपर वाचतानाही हुकूम सोडल्यासारखा वाचतो. आज चष्मा पुसत पुसत वाचला. मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तर आपल्या लोकांची घरं जाळून राहिले. माणसं गावं सोडून चालली.

कोणी चहा घेतला नाही. कपांवर साय धरली.

एका नावासाठी घर जाळतात! मला माझं नाव लिहिता येत नाही, पण बाबासाहेबांमुळे शकुला येतं. एवढं मला कळतं.

१७ ऑगस्ट

चिठ्ठ्या संपल्या. श्यामसुंदर माल घेऊन गेला. एकही बिडी छाटली नाही. असं चाळीस वर्षांत झालं नाही. मला बरं वाटलं नाही.

२० ऑगस्ट, रविवार

डोमाजीच्या हातात गुलाबी चिठ्ठी.

मराठवाड्याची दोन पोती चुकून नागपुरात उतरली. तिथल्या गिरणीत कामाला असलेल्या आपल्या माणसांनी कट्टे फोडले तर आत ही. डोमाजीनं मोठ्यानं वाचली — "विद्यापीठाचं नाव बदलू देऊ नका. झारी छाप तुमच्या पाठीशी आहे."

झारी छाप. आम्ही वळतो तीच. मालकाचं मोठं गिऱ्हाईक तिकडचं, त्यांना खूश करायला निघाला. आम्हीही गिऱ्हाईक आहोत, हे विसरला.

डोमाजीनं खिशातून आपला कट्टा काढला अन् पायाखाली चिरडला. "आजपासून ही बिडी कोणी ओढायची नाही, विकायची नाही, वळायची नाही!" सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. बोटांचा रंग अजून गेला नव्हता. मूठ आवळूनच वर केला.

लता शेजारी होती, सतरंजीचा दोरा ओढत. घरी येताना म्हणाली, "दुसरी असेल चिठ्ठी, आत्याबाई."

असेल.

२३ ऑगस्ट

डोमाजीचं डोकं दुखून राहिलं. दिवसाला दोन कट्टे ओढणारा माणूस! आता बडीशेप चघळतो अन् सगळ्यांवर खेकसतो. वस्तीतल्या मालनबाईचा नवरा संडासात लपून ओढताना सापडला. तिनं बाहेरून कडी लावली अन् बाजारात निघून गेली.

मी पण हजार बिड्या झाल्या की एक ओढायची. सोडली. तोंड कडू आहे. बिडीनं नाही.

बिड्या वळायचं सूप भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. तेंदूपत्ता ओलसर होता, तसाच वाळून चालला. कुंडमच्या जंगलातला पत्ता, हातात घेतला की चुरा. पानटपरीवाले झारी छापची पोती परत पाठवून राहिले असं ऐकलं.

२६ ऑगस्ट

आता ऐका! कंपनीनं पेपरात छापलं — चिठ्ठीशी आमचा संबंध नाही. आम्ही सर्वांचा आदर करतो. घरी बिडी वळणाऱ्या बायांपैकी कोणीतरी खोडी केली, शोध चालू आहे.

लतानं हे वाचून दाखवलं. हे मात्र नीट वाचलं, शब्दन् शब्द.

म्हणजे मी बसले, छापखाना काढला, चिठ्ठ्या छापल्या, अन् कट्ट्यात घातल्या! जिला अंगठा उठवायला पण शाई दुसऱ्यानं द्यावी लागते, तिनं! हसू आलं. मग थांबेना. लता पाणी घेऊन आली.

२९ ऑगस्ट

श्यामसुंदरच्या घरी गेले. सायकल पुसत होता. म्हटलं, "भैया, विहारात चल. सांग की चिठ्ठ्या तूच दिल्या." मान वर केली नाही. "कौन सी चिठ्ठी, अम्मा?"

त्याची बायको पडद्यामागून बघत होती. तिनं नजर वळवली.

पोरगं वाईट नाही. त्याच्याही घरात चूल आहे. पण मी त्याच्या दारातलं पाणी प्यायले नाही.

१ सप्टेंबर

कंपनीनं नाव सांगितलं नाही, पण वस्तीत शोध सुरू आहे. आज नळावर मालनबाई म्हणाली, "ज्या घरानं केलं त्याच्याशी रोटी-बेटी बंद करायची." माझा हंडा भरून वाहत होता.

रोटीचं काय, मला दोनच दात आहेत. पण बेटी? शकुचं सगळं आयुष्य आहे. तिला उद्या कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या नावाविरुद्ध चिठ्ठी वाटणाऱ्या घरची. त्या नावाच्या जिवावर शिकून राहिली ती.

बोलले नाही तर कुजेल. बोलले तर फुटेल. परवा विहारात बोलणार.

लता म्हणाली, "नका जाऊ, आत्याबाई." मी म्हटलं, "काहून?" आज ती जेवली नाही.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळी विहारात पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे पण म्हटलं. मग उभी राहिले. "या हातांनी घातल्या," म्हटलं. डोमाजीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "काकू, तुम्हाला वाचता येत नाही. तुमचा काय दोष? पण घरात लता वाचणारी आहे. तिला नाही दाखवली?"

"नाही," म्हटलं. "दाखवलीच नाही."

लिही, लता. हात काहून थांबला? शकु दिवाळीच्या सुट्टीत येईल. तिला वाचता येतं. तुला चिठ्ठी वाचायला दिली ते दहा ऑगस्टचं पान फाडून चुलीत घाल.