मूठभर कापूस

३ जून
कामाचा पहिला दिवस, आणि काय छान जागा! शिवणघराला दोन्ही बाजूंनी खिडक्या. भिंतीशी आम्हा कपडे घालून दाखवणाऱ्या मुलींचे कापडी पुतळे, कापूस भरून जिच्या-तिच्या मापाचे केलेले; माझाही आजच भरला. मास्तरांचा नियम एकच: आधी अंग मोजायचं, मगच पुतळ्यातला कापूस काढायचा. उलटं कधीच नाही. प्रदर्शनातला अरुंद कमरेचा निळा झगा मी घालायचा की छडीनं (इथली सगळ्यांत बारीक मुलगी, म्हणून हे नाव), ते पुढच्या महिन्यात ठरेल. माझं सगळं शिक्षण घरी आईपाशी झालं. जे असेल ते खरं लिहायचं, ही तिची शिस्त. म्हणून लिहिते: झगा मला हवाय.

१ जुलै
कटिंगच्या ताईंनी सांगितलं होतं, दोन वेळा नीट जेव, जिने चढ, महिन्याला किलो उतरला तरी पुष्कळ. ऐकलं. किलोभर उतरलं. छडी मात्र नुसत्या लिंबूपाण्यावर, आणि पाच किलो! सगळ्या तिच्याभोवती. चक्कर येऊन पडली तीसुद्धा नाजूक दिसत. मेलीला पडताही छान येतं. माझा नुसता जळफळाट.

९ जुलै
जेवणाच्या सुट्टीत शिवणघरात कोणी नव्हतं. माझ्या पुतळ्याची कमरेची शिवण उसवली आणि मूठभर कापूस काढला. अंग न मोजता. कापूस कोमट लागला. उन्हानं असेल.

१० जुलै
कंबर इंचभर कमी! जेवले तर पोटभर होते. ताईंनी विचारलं, मी जिन्यांचं नाव सांगितलं. खोटं बोलले. दुपारी आणखी एक मूठ.

१८ जुलै
सहा मुठी झाल्या. त्या चक्करेनंतर छडी घाबरून ताईंचं ऐकू लागली, जेवते, गाल भरलेत. मास्तर म्हणाले, झगा हीच घालेल, हिच्या अंगात जीव दिसतो.
आणि माझ्या?

२० जुलै
काढलेला कापूस परत भरला. थंडगार झालाय. चार-चार वेळा जेवते, तरी अंग—

२२ जुलै
बसलं की हाडं टोचतात. आज काहीच काढलं नाही. तरी पुतळा आणखी बसलाय.

२३ जुलै
छडीचा पुतळा शेजारीच. हात लावला. ऊबदार. हिची एक मूठ माझ्यात भरली तर—

भरली.

खाली आरडाओरडा. छडी पडली म्हणतात. उठत नाही.

मला ऊब येतेय. किती दिवसांनी. ताई हाका मारतायत. येते, येतेच, फक्त अजून ए—