चौकटीतली कोरी जागा

निगडी,
फेब्रुवारी १९७९

प्रिय दत्तोबा,

रागावून लिहायला बसलोय, तेव्हा खुशालीचं सगळं नंतर. पत्रा दाबायच्या प्रेसखाली तुझ्या उजव्या हाताची बोटं गेली, आणि तू साहेबांना 'माझंच चुकलं' सांगून गावी निघून गेलास, हे मला हिंदुरावाच्या तोंडून कळावं? सुपरवायझर आपला, शेडभर मिशीला पीळ देत सांगत फिरतोय. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. तुझं म्हणणं तसंच राहिलं तर सगळा दोष तुझ्या माथी बसेल, आणि कामावर परत घेण्याचा विषयच संपेल. शहाणा आहेस का रे?

त्यात काल साहेबांनी बोलावलं. कंपनीच्या मासिकात सुरक्षिततेवर चित्रकथा हवीय. एक बेसावध कामगार प्रेसखाली हात घालतो, एवढीच गोष्ट. नाव बदल म्हणाले, पण तो तूच हे आंधळ्यालाही कळेल. वर म्हणतात, इम्तियाज, मागे काही काढत बसू नकोस, कोरं ठेव, म्हणजे लक्ष माणसावर राहतं. अरे, हे तर माझंच वाक्य! हसावं की रडावं, कळेना.

यावरूनच किती भांडायचो आपण! कँटीनच्या भिंतीवर लावायच्या चित्रकथेत माणसं मी काढायची, मग कागद तुझ्याकडे, आणि मागचं सगळं तू भरायचास. मी ओरडायचो, राव, पुरे कर, माणूस दिसेना झाला. तू मात्र घड्याळ, जेवणाचा डबा, खिडकीची फुटकी काच, काही म्हणून सोडायचा नाहीस. मला ती नुसती हौस वाटायची. पण लोक भिंतीपुढे थांबून म्हणायचे, अरे, ही आपलीच शेड की! घड्याळात शिफ्ट सुटलेली आणि माणूस अजून मशीनवर, एवढ्यावरून त्यांना त्याचा थकवा कळायचा. मला एक अक्षर लिहावं लागायचं नाही.

माझंही एकदा खरं ठरलं होतं हां. गावाकडून तार आलेल्या माणसाची ती चौकट. त्याच्याभोवती तू काही काढू नयेस म्हणून मी कागदच लपवून ठेवला, आणि तू फुगून बसलास. भिंतीवर लागल्यावर तुझ्या गावचा सोनबा त्या पांढऱ्या जागेपुढे कितीतरी वेळ उभा राहिला आणि म्हणाला, हितं त्याचं गाव हाय. तुझे डोळे भरले होते, नाही म्हणू नकोस.

काल घरी येऊन साहेबांचं चित्र काढायला घेतलं. माणूस काढला, पुढे केलेला हात काढला, मागे सगळं पांढरं. आणि पेन्सिल खाली ठेवली. तसं पाहिलं तर चूक त्या माणसाचीच दिसते रे! मशीन नाही, हिंदुराव नाही, मोकळ्या माळावर कुणी वेडा हात पुढे करून बसलाय. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी जाळी असते. माल लवकर निघावा म्हणून हिंदुरावाने ती काढायला लावली आणि भिंतीला टेकवून ठेवली. हे तुला, मला, सगळ्या शेडला ठाऊक आहे. आता ती परत बसवून वर पिवळा रंग मारलाय. कंपनीचा पेंटर मीच, तेव्हा तो रंगही मलाच मारावा लागला.

म्हणून हा कागद सोनबाच्या हाती पाठवतोय. माणसं मी काढलीत, मागचं सगळं तुझ्यासाठी सोडलंय. प्रेस, भिंत, भिंतीला टेकलेली जाळी, मागे उभा हिंदुराव, जसं होतं तसं काढ. डावा हात आहे ना? रेघ वाकडी येईल, येऊ दे. साहेबांच्या हाती देण्याआधी मी तो कँटीनच्या भिंतीवर लावणार आहे. माझी नोकरी जाईल म्हणून तुझी गुलशनभाभी आधी रडली, मग तिनेच कागदाची सुरळी जुन्या ओढणीत बांधून दिली. अंबूवहिनींना सलाम सांग. सोनबा सोमवारी परत निघेल, त्याच्याबरोबर ये आणि चौकशीत स्वतःच्या तोंडाने सांग, चूक माझी नव्हती. मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

तुझाच,
इम्तियाज